जीपची लायनिंग आणि गाडीचा आख

माणसाला एका डॉक्टरचं पटलं नाही तर तो दुसऱ्याकडे जातो. मोटारीला ती सोय नाही. आणि सरकारी मोटारीला तर विचारपूस करणारा मालकही नसतो. वर्कशॉपवाला सांगेल ते तिचं दुखणं, आणि तो म्हणेल तेव्हा ती बरी. मी एकोणतीस वर्षं आरोग्य खात्याची जीप चालवली. कागदोपत्री माझ्या जीपला जे जे आजार झाले ते सगळे खरे असते, तर ती पहिल्या वर्षीच भंगारात गेली असती.

दिवाळी अंकाच्या संपादकांनी ‘ड्रायव्हरकीचे थरारक अनुभव’ लिहायला सांगितलंय. थरार म्हणाल तर माझ्याकडे ब्रेकची एक गोष्ट आहे. ती तेवढी सांगतो. माणसांची नावं बदलली आहेत, आणि आरोग्य केंद्राचं व त्या गावाचं नाव लिहीतच नाही. माणसं अजून तिथंच राहतात.

मी मूळचा मुडबीचा. घरी शेती, दोन बैलगाड्या. आमचे आप्पा बैलांपेक्षा गाडीवर जास्त जीव लावायचे. दर पंधरा दिवसांनी चाकं काढून आखाला वंगण द्यायचे आणि आलेल्या पाहुण्याला हटकून सांगायचे, “आमच्या गाडीचा आख आजवर मोडला न्हाई.” आख म्हणजे दोन चाकांच्या मधला दांडा, ज्यावर सगळा भार असतो. यंत्राची निगा म्हणजे काय ते मी गाडीखाली वाकलेल्या आप्पांकडून शिकलो. पुढे हुमनाबादला एका ट्रकवर क्लीनर राहिलो, लायसन काढलं आणि राज्याचं नाव म्हैसूर असतानाच खात्यात लागलो. नेमणूक औराद भागातल्या एका केंद्रात मिळाली, ठाणाकुशनूरच्या अलीकडे. तिथं डॉक्टर कन्नडमध्ये रागवायचे, पेशंट मराठीत कण्हायचे आणि वर्कशॉपवाले दखनीत टोलवायचे. तिन्ही भाषांत मला फक्त ‘हो’ म्हणायचं असायचं.

आता बाहेरच्या माणसाला हा कारभार समजावून सांगायला हवा. जीप बिघडली की ती बीदरच्या मान्यताप्राप्त वर्कशॉपला न्यायची. तिथला मालक तपासून चिठ्ठी करणार, ती वर जाणार, मंजूर होऊन खाली येणार, मग काम होणार. काम झाल्यावर बिलाच्या पाठीवर ‘काम समाधानकारक झाले’ असं लिहून खाली दोन सह्या लागायच्या, एक डॉक्टरांची आणि एक ड्रायव्हरची. डॉक्टरांना इंजिनातलं कळत नसे, म्हणून ते माझ्याकडे बघत. मला कळत असे, म्हणून मी दुसरीकडे बघत असे.

वर्कशॉपच्या मालकाला शंकरशेठ म्हणू. माणूस मोठा गोड. गाडी आली की बॉनेटवर तळहात ठेवून डोळे मिटायचा, वैद्य नाडी बघतो तसा. मग डोळे उघडून म्हणायचा, “इंजन खोलना पडता, अण्णा.” बारीकसा आवाज असो की नुसता पंखापट्टा सैल असो, नाडी एकच सांगायची. एकदा आमच्या जीपच्या मागच्या बाजूनं वळणावर खडखड यायला लागली. शेठनं चिठ्ठी लिहिली, मागचा सगळा डिफरन्शियल, म्हणजे मागची चाकं फिरवणारा दात्यांचा गोळा, बदलायचा. मी परत येऊन मागची सीट उचलली, तर पत्र्याच्या खाचेत एक अडकित्ता पडलेला. आधीचे डॉक्टर पान खायचे, त्यांचा होता. तो काढला आणि डिफरन्शियल बरा झाला.

शेठकडे एक खण होता. त्यात एक फुटकं बेअरिंग. ज्याच्या गाडीचं बेअरिंग ‘बदललं’ त्याला तेच दाखवायचं, की बघा साहेब, हे तुमच्या गाडीतून निघालं, देवानंच वाचवलं. मला संशय होता, म्हणून एकदा हातात घेऊन त्याच्या कडेला खिळ्यानं ओरखडा काढून ठेवला. महिन्याभरानं तेच बेअरिंग ओरखड्यासकट दुसऱ्या एका खात्याच्या साहेबांना दाखवलं जात होतं. साहेब गेल्यावर मी म्हटलं, “शेठ, हे बेअरिंग किती गाड्यांतून निघालंय?” तो खो खो हसला आणि माझ्यासाठी चहा मागवला.

मी तो चहा प्यायलो. हे लिहिलं नाही तर बाकीचं लिहिण्यात अर्थ नाही. सात वर्षं मी तो चहा पीत होतो आणि बिलांच्या पाठीवर सह्या करत होतो. मनात म्हणायचो, गाडी सरकारची, पैसा सरकारचा, आपण कोण.

मग धारवाडकडचे एक तरुण डॉक्टर आमच्याकडे बदलून आले. हिरेमठ म्हणू. पहिलंच बिल सहीला आलं तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मी नेहमीसारखा दुसरीकडे बघायला लागलो, तर त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, “माणिकराव, मी पेशंट तपासल्याशिवाय सर्टिफिकेट देत नाही. तुम्ही गाडी तपासल्याशिवाय कसं देता?” बोलण्यात राग नव्हता, खरोखरच विचारत होते. मला इतकी लाज वाटली की त्या दिवशी जेवण गेलं नाही.

त्याच सुमाराला जीपचे ब्रेक लागेनासे झाले. जीपच्या प्रत्येक चाकाच्या आत एक लोखंडी डबा असतो, तो चाकाबरोबर फिरतो. डब्याच्या पोटात दोन अर्धगोल पट्ट्या असतात, त्यांच्यावर जाड खरखरीत अस्तर असतं. त्याला लायनिंग म्हणतात. पाय दाबला की पट्ट्या फाकतात, लायनिंग डब्याला आतून घासतं आणि गाडी थांबते. लायनिंग झिजून संपलं की लोखंडावर लोखंड घासतं आणि गाडी मनाला येईल तिथं थांबते. आमचं संपत आलेलं होतं. या वेळचं दुखणं खरं होतं, शेठनंही चारही चाकांचं लायनिंग नवं टाकायचं असं लिहून दिलं आणि ते मंजूर झालं.

गाडी बीदरला न्यायच्या आदल्या दिवशी मी चारही चाकं काढली. कंपाउंडर गुरुबसप्पाकडे जाऊन जांभळं औषध मागितलं, तोंड आलेल्या पोरांना लावतात ते. तो म्हणाला, “कुणाचं तोंड आलंय?”

“जीपचं.”

त्याला आधी कळलं नाही, मग कळलं. बाटली घेऊन स्वतःच माझ्याबरोबर आला आणि काडीला कापूस गुंडाळून प्रत्येक लायनिंगच्या कडेला एक-एक रेघ ओढली. ते औषध खरखरीत लायनिंगमध्ये असं मुरलं की घासून निघेना. आम्ही दोघंही चाळिशीकडे झुकलेली माणसं, पण शाळेच्या भिंतीवर काही लिहून पळाल्यासारखा आनंद झाला.

आठ दिवसांनी गाडी मिळाली. शेठनं तळहात बॉनेटवर ठेवून सांगितलं, “अब मक्खन जैसी चलती.” बीदर उंचावर आहे. औरादकडे येताना मोठा उतार उतरून मांजरा नदीच्या पुलावर यावं लागतं. त्या उतारावर मी ब्रेकवर पाय दिला आणि मक्खन कुठं आहे ते कळलं. केंद्रावर येऊन डॉक्टरांसमोर पुढचं डावं चाक काढलं. जांभळी रेघ जशीच्या तशी. दुसरं काढलं, तिसरं, चौथं. चारही रेघा जागेवर होत्या. डॉक्टर खाली उकिडवे बसून बघत राहिले आणि त्याच दुपारी त्यांनी तक्रार लिहिली. माझी सही मी स्वतःहून खाली केली. सात वर्षांतली ती पहिली सही, जी करताना मी समोर बघत होतो.

तक्रार केली की लगेच न्याय मिळतो असं मला वाटलं होतं. मिळाला तो हुकूम. चौकशी अधिकारी येईपर्यंत गाडी हा पुरावा आहे, ती जागची हलवू नये. तालुक्याहून दोन माणसं आली, त्यांनी चारही चाकांच्या नटांमधून दोरा ओवून त्यावर लाल लाख ओतली, शिक्के मारले. स्टेअरिंगला फडकं गुंडाळून त्यालाही लाख. जीप चिंचेखाली उभी राहिली. मी रोज लॉगबुकात ‘गाडी उभी’ असं लिहायचो. दुसऱ्या आठवड्यात गुरुबसप्पाच्या कोंबडीनं मागच्या सीटवर अंडी घातली. पहिले काही दिवस मी येणाऱ्या-जाणाऱ्याला ते शिक्के कौतुकानं दाखवत होतो. शंकरशेठला मी पकडलंय, याचा तो पुरावा होता. पंचक्रोशीत दुसरी मोटार नाही, हे मला त्या कौतुकात आठवलं नाही.

पाचव्या आठवड्यात, वैशाखातल्या एका सकाळी दहाच्या सुमाराला, चार माणसं एक बाज खांद्यावर घेऊन आली. तीन मैलांवरच्या एका गावातून, बौद्ध वस्तीतून. बाजेवर बाळंतपणात अडलेली कांता, आणि बाजेच्या बाजूनं पायी तिची सासू सुंदराबाई. वय साठीचं, अंगानं काटकुळी, लुगड्याचा काचा मारलेला. डॉक्टर मीटिंगसाठी गुलबर्ग्याला गेले होते. सिस्टरनं तपासलं आणि बाहेर येऊन मला बाजूला घेतलं. बाळ आडवं आहे, आदल्या दिवसापासून कळा चालू आहेत, इथं काही होणार नाही, बीदरला न्यायला हवं. सकाळची बस गेली होती. पुढची तिसऱ्या प्रहरी, तीही आली तर.

सुंदराबाईनं आमचं बोलणं ऐकलं असावं. ती चिंचेखाली जीपपाशी जाऊन उभी राहिली.

“अण्णा, ही मोटार कामून उभी हाय?”

“सील हाय, आजी. साहेब येईस्तोवर हलवायची न्हाई.”

“साहेब कवा येणार?”

“म्हाईत न्हाई.”

“मग हिला काय सांगू? थांब म्हणू?”

ती चिडून बोलली नव्हती. काय सांगायचं ते तिला खरंच माझ्याकडून हवं होतं. मी शिक्क्यांकडे बघितलं. गाडी हलवली तर शेठ सुटणार, हे मला तिथं उभ्या-उभ्या दिसत होतं. पुरावा हलला की संपला. नोकरीवर यायचं ते वेगळंच. आणि ब्रेक तर नव्हतेच. पण ड्रायव्हरचं डोकं रस्त्याच्या हिशेबानं चालतं. इथून नदीपर्यंतचा उतार बेताचा, तो दुसऱ्या गिअरमध्ये निभेल. पुलापुढं बीदरपर्यंत चढ. चढाला ब्रेक लागत नाहीत. येताना मोठा उतार आहे, पण येताना गाडीत मी एकटा असणार.

मी पाना घेतला आणि स्टेअरिंगवरची लाख फोडली.

त्या तीस-पस्तीस मैलांबद्दल फार लिहीत नाही. कांता मागे आडवी, तिचं डोकं सुंदराबाईच्या मांडीवर, सिस्टर खाली गुडघ्यांवर बसलेली. ब्रेकवर तीन वेळा पाय मारल्यावर एकदा पकड यायची, म्हणून बैल दिसला की मी शंभर पावलांवरून पाय मारायला सुरुवात करायचो. खड्डा आला की कांता ओरडायची आणि सुंदराबाई म्हणायची, “हळू, अण्णा.” थोड्या वेळानं ती ओरडायची थांबली, तेव्हा सुंदराबाई म्हणाली, “अण्णा, जरा जोरात घ्या.” हा एवढा एकाच वाक्याचा फरक मला अजून झोपेत ऐकू येतो.

बीदरच्या दवाखान्यात दुपारी ऑपरेशन झालं. मुलगी झाली, दोघी वाचल्या. मी बातमी ऐकून परत निघालो. उतारावर एकटा होतो तरी सारखा ब्रेक मारत आलो. पुलावर येईपर्यंत चाकं इतकी तापली की जळका वास सुटला. उतरून बघितलं, तर नटांवरची लाख वितळून चाकांवरून ओघळली होती. चारही शिक्के गेले होते. आधी मला वाईट वाटलं, मग एकट्यालाच हसू आलं, आणि मग पुलाच्या कठड्यावर बसून मी थोडा वेळ रडलो. कशासाठी ते तेव्हाही सांगता आलं नसतं.

केंद्रावर गुरुबसप्पा वाट बघत होता. त्याचं डोकं माझ्यापेक्षा जलद चालायचं. तो म्हणाला, “लाख उन्हानं वितळली. वैशाख हाय. कोण न्हाई म्हणंल?” स्टेअरिंगवरची फुटलेली लाख त्यानं चमचा तापवून परत चिकटवली. जीपचा मैलांचा काटा तर तीन वर्षांपासून बंदच होता. राहिलं लॉगबुक. आजवर एक मैलही मी न लिहिता चालवला नव्हता, त्याचा मला गर्व होता. त्या दिवसाच्या ओळीत मी लिहिलं, ‘गाडी उभी’. शेठला सोडायचा नाही, एवढंच तेव्हा डोक्यात होतं. डॉक्टर आल्यावर त्यांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, “गाडी नेली ते बरोबर केलंत. त्या ओळीबद्दल मला काही सांगू नका.”

दोन आठवड्यांनी चौकशी अधिकारी आले. बरोबर शंकरशेठ, पांढऱ्याशुभ्र धोतरात. अधिकारी वयस्कर, कन्नड माणूस, मराठी तोडकं पण समज पक्की. शेठनं पहिलंच वाक्य टाकलं, “साहेब, गाडी बीदरच्या दवाखान्यासमोर उभी होती. माझ्या मिस्त्रीनं बघितली.” अधिकाऱ्यांनी वितळलेले शिक्के बघितले, लॉगबुक बघितलं, माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघितलं. ते म्हणाले, त्या दिवशी केंद्राच्या हद्दीतून कुणी बीदरला दाखल झालं असेल तर त्यांना बोलवा, उद्या ऐकतो.

गुरुबसप्पा लगेच सायकल काढून त्या गावाला गेला. सुंदराबाईला समजावलं की खरं सांगितलं तर माणिकअण्णाची नोकरी जाईल. म्हणायचं, गावातून बैलगाडीनं डांबरी रस्त्यावर आलो, तिथून लॉरी मिळाली. सुंदराबाई म्हणाली, “अण्णासाठी एवढं न्हाई करणार व्हय?” तिनं ते दोनदा म्हणून दाखवलं. गुरुबसप्पा परत आला तो खुशीत होता. त्याच्याही घरी बैलगाडी, माझ्याही घरी बैलगाडी. बाळंतीण गावातून बैलगाडीनं आली, यात पटण्यासारखं काय नाही, असं आम्हा दोघांनाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी केंद्राच्या ओसरीवर टेबल मांडलं. सुंदराबाई खाली बसायला लागली, तर डॉक्टरांनी तिला खुर्ची दिली. ती खुर्चीच्या कडेवर टेकली.

अधिकारी म्हणाले, “आजी, सुनेला बीदरला कसं नेलं?”

“बैलगाडीनं सडकंपर्यंत. मंग लॉरीत.”

“बरं.” त्यांनी लिहिलं. शेठचा चेहरा उतरला. मग अधिकाऱ्यांनी मान वर न करता सहज विचारलं, “गाडी कुणाची?”

एवढा साधा प्रश्न. कुठल्याही चौकशीत विचारतात तो. गुरुबसप्पानं माझ्याकडे बघितलं. नाव सांगायचं आम्ही तिला सांगितलंच नव्हतं.

अधिकाऱ्यांनी पुन्हा विचारलं, “गावातल्या कुणाची तरी असेल की. नाव सांगा. त्याला बोलवून विचारतो, झालं.”

“कुणाचं नाव सांगू, साहेब?” ती म्हणाली.

“ज्याची गाडी त्याचं.”

ती थोडा वेळ पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग मला म्हणाली, “अण्णा, मला न्हाई जमत. ज्यानं दिली न्हाई त्याचं नाव कसं घिऊ? उद्या गावात म्हणतील, आमीच नेली बाळंतीण.” आणि अधिकाऱ्यांकडे वळून ती सावकाश बोलायला लागली. “साहेब, मी चार घरी गेलते. पयल्या घरी म्हणले, आख मोडलाय. दुसऱ्या घरी म्हणले, चाकाची धाव निसटलीया, लोहाराकडं टाकलीया. तिसऱ्याचा बैल लंगडायलाय. चौथ्या घरी म्हणले, जू चिरलंय. एका सकाळी साऱ्या गावच्या गाड्या मोडल्या. आन् दुपारी शेणखत वाहताना त्याच गाड्या पोरांनी बघितल्या. बाजेवर आणली मी तिला इथवर. इथनं या अण्णानं मोटारीत नेली. मोटारीला ब्रेक न्हाई म्हणत व्हता, तरी नेली. खोटं बोलले, माफ करा.”

मोटारीला ब्रेक नाही, ही शेठविरुद्धची साक्षच तिनं दिली होती, पण गाडी हलली म्हटल्यावर पुरावा संपलेला होता. अधिकाऱ्यांनी पेनाला टोपण लावलं आणि मला विचारलं, “येनप्पा, काय बाबा, खरं आहे?” मी सगळं खरं सांगितलं, चमच्यानं चिकटवलेल्या लाखेसकट, फक्त चमचा माझा होता असं म्हटलं.

ते माझ्यावर ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, “यानं न केलेलं काम लिहिलं, म्हणून तुम्ही तक्रार केली. आणि तुम्ही केलेलं काम लिहिलं नाही. आता मी कुणाचा कागद खरा धरू?”

चार ओळींचा निकाल आला. पुरावा शाबूत न राहिल्यानं तक्रार सिद्ध होत नाही. वर्कशॉपची मान्यता राहिली. माझी एक वेतनवाढ थांबली. हिरेमठ डॉक्टर वर्षभरात बदलून गेले. जाताना त्यांनी लॉगबुक मागवून त्या दिवसाची ‘गाडी उभी’ ही ओळ माझ्याकडून खोडून घेतली, खाली खरी फेरी लिहायला लावली आणि त्यावर स्वतःची सही केली. त्या सहीचा मला आजही अभिमान आहे.

त्यानंतर मी चहा बंद केला. काम होईपर्यंत वर्कशॉपच्या दारात स्टूल टाकून बसायचो. जुना माल माझ्या हातात दिल्याशिवाय नवा बसवू द्यायचो नाही. शंकरशेठ पुढे एकदा हसत म्हणाला, “अण्णा, तुम्हारी गाडी का काम सच्चा करता मैं. क्या मालूम कहाँ जांभळा लगाया.” मी विचारलं, “आणि बाकीच्यांच्या गाड्या?” त्यानं फक्त बॉनेटवर हात ठेवला. त्याचं उत्तर मला माहीत होतं. ती लाख मी फोडली नसती तर त्या गाड्यांचेही ब्रेक सुधारले असते, असं कधी कधी मनात येतं. मग कांता डोळ्यांसमोर येते. ती पुढे लेकीला लस टोचायला घेऊन यायची आणि पोरीला जीपच्या सीटवर बसवून दाखवायची, तू हिच्यात बसून आलीस म्हणून.

पण मला जे लिहायचंय ते हे नाही.

चौकशी संपल्यावर मी आणि गुरुबसप्पा चिंचेखाली बसलो होतो. मी म्हटलं, “आजीला गाडी कुणी दिली नसंल, हे तुला कसं सुचलं न्हाई?” तो म्हणाला, “तुला तरी कुठं सुचलं?” सुंदराबाईनं सांगितलेली ती यादी माझ्या डोक्यात फिरत होती. आख, धाव, बैल, जू. खोटी दुरुस्ती ओळखण्यात आपल्यासारखा कुणी नाही, असं मला वाटायचं. आणि ही यादी मी आधी कुठं ऐकलीय, ते मला एकदम आठवलं.

मुडबीला मी आठ-नऊ वर्षांचा असेन. एक माणूस आमच्या अंगणाबाहेर येऊन उभा राहिला. आत आला नाही, त्या काळी त्याच्याकडचे कुणी आत येत नसत. डोक्याचं मुंडासं काढून हातात धरलेलं. म्हणाला, “मालक, घरात लई त्रास हाय. गाडी मिळाली तर हुमनाबादला न्हेतो.” आप्पा सुपारी कातरत होते. हात न थांबवता म्हणाले, “आख चिरलाय रे. न्हाईतर दिली असती.” माणूस थोडा वेळ उभा राहिला आणि गेला.

मी घाबरून गोठ्याकडे पळालो. आमचा आख चिरला, आणि मला माहीतच नाही. गाडीखाली उताणा झोपून मी या टोकापासून त्या टोकापर्यंत हात फिरवला. वंगणानं हात काळे झाले. परत येऊन खुशीनं सांगितलं, “आप्पा, आख धड हाय.”

आप्पा म्हणाले, “हात धू आन् जेवायला बस.”

मी हात धुतले आणि जेवायला बसलो. एकोणतीस वर्षं दुसऱ्यांच्या चिठ्ठ्या तपासल्या, पण तपासलेली पहिली नादुरुस्ती ती होती, आणि तिचा निकाल आप्पांखेरीज मी कुणाला सांगितला नाही. त्या माणसाचं नाव मला माहीत नाही. त्याच्या घरात काय त्रास होता, हे आम्ही कुणी विचारलं नव्हतं.